मधली काच

४ नोव्हेंबर १९३६

विलायतेहून कंपनीचं पत्र आलं. जुनं मॉडेल बंद — नवी मोटार मुळापासून नवी! इंजिन बारा सिलिंडरचं. पुढच्या प्रत्येक चाकाला आपापली स्प्रिंग. एक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता नाही. गिअर बदलताना करकर नाही. भैयाजींना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, जुनी टपाची गाडी काढून टाकू, हीच घेऊ. दोघांची. तूच सगळं पाहा. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघं हसलो.

भैयाजी माझे थोरले बंधू. त्यांची आई वेगळी, माझी वेगळी. पण 'सावत्र' हा शब्द बाबांनी या घरात कुणाला उच्चारू दिला नाही.

१९ जानेवारी १९३७

कलकत्ता. कंपनी नुसता सांगाडा पाठवते — चाकं, इंजिन, खालची चौकट. वरची बॉडी इथल्या कारखान्यात आपल्या सांगण्याप्रमाणे बनते, शिंप्याकडे कोट शिवावा तशी! मी पायरी बुटकी सांगितली, वहिनींना लुगडं सावरत चढता यावं म्हणून. दार रुंद. छत उंच, भैयाजींच्या फेट्यासाठी. आणि ड्रायव्हर व मागची बैठक यांच्यामध्ये काच. मिस्त्रीनं विचारलं, काच वर-खाली करायची मूठ पुढेही बसवू का? म्हटलं, नाही, फक्त मागे. घरातलं बोलणं नोकरानं कशाला ऐकायचं?

स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन संदेश खाल्ले. चार!

२ मार्च

सांगाडा बंदरात उतरला. जेवणात लक्ष नाही. बायको शामकला म्हणते, त्या मोटारीशीच लग्न लावायचं होतं.

११ ऑक्टोबर

आली! गोंदियाच्या स्टेशनात वॅगनमधून उतरवली. काळी, लांबलचक. चालू इंजिनावर पाण्याचा पेला ठेवला, पाणी हललं नाही. हमाल कान लावून बघत होता, त्याला ती बंदच वाटली. जुनी गाडी मीच चालवायचो, भैयाजी माझ्या शेजारी बसायचे, खड्डा आला की माझा खांदा धरायचे. हिच्यात मागं ऐसपैस बसू दोघं. ड्रायव्हर शोधायला हवा.

१४ ऑक्टोबर, दसरा

पूजा झाली. मी मागचं दार उघडलं तर आत गुलाबचंद — भैयाजींचा मेहुणा — आधीच पाय पसरून बसलेला. भैयाजी म्हणाले, "केवळराम, तू मांगं काऊन बसतं? तुयासारखी गाडी कोनाले चालवता येते? परक्याच्या हाती देऊ का?"

खोटं कशाला लिहू, छाती फुगली. ऐटीत निघालो. कामठा गाव यायच्या आधीच मागे मूठ फिरली आणि काच वर गेली.

२८ ऑक्टोबर

भैयाजींनी टोपी दिली. चकचकीत कडेची, काळी. धूळ लागते म्हणून. घालून घरात गेलो. शामकला बघतच राहिली. "हे तं डायवरची टोपी होय. तुमी कायले घातली?"

तिच्यावर ओरडलो. नको होतं ओरडायला. तिचं काय चुकलं?

५ नोव्हेंबर

रोज तेच. मागे भैयाजी आणि गुलाबचंद, आरशात नुसती तोंडं हलताना दिसतात. काच अशी बसली आहे की वाराही जात नाही. इंजिनाचा आवाज असता तर त्याला तरी दोष दिला असता. इतकी शांत गाडी, आणि मला शब्द ऐकू येत नाही! मीच मागितलं होतं हे. मीच.

बाबांच्या मालगुजारीच्या गावांवर आम्हा दोघांची नावं चढायची आहेत. विचारलं की भैयाजी म्हणतात, तहसीलचे साहेब दौऱ्यावर येणार आहेत, गाडीतच सांगतो त्यांना. तू फक्त गाडी नीट चालव.

गाडी मी नीटच चालवतो. पण मनातून भीती जात नाही.

८ नोव्हेंबर

साहेब आले. उद्या त्यांना आपल्या इकडच्या गोरेगावाहून आमगाव स्टेशनला सोडायचं. भैयाजी म्हणाले, उद्या तुझ्या नावाचंच बोलतो. किती गोड बोलले! उगाच संशय घेतला मी. सकाळी उठून गाडी पुसणार.

९ नोव्हेंबर

वाटभर काच वर होती. आमगावला भैयाजी स्टेशन मास्तरला गाठायला पुढे गेले. मी साहेबांसाठी दार धरून उभा. साहेब भला माणूस. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मालिक का खयाल रखना, ड्राइवर। बता रहे थे, दुनिया में अकेले हैं। एक भाई तक नहीं।"

टोपी डोक्यावर होती. मी म्हणालो, जी हुजूर.