पत्ता सोडून गेले

कळवा,
३ फेब्रुवारी २०२५

चि. संचिता हिस,
बाबांचे आशीर्वाद, रागासकट.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून हे पोस्टाने. चौतीस वर्षं मी कळव्यात लोकांच्या दारात टपाल नेऊन दिलं. आता रिटायर झाल्यावर खाडीपलीकडे माजिवड्याला राहणाऱ्या स्वतःच्या मुलीशी बोलायला मला पाकिटावर तिकीट चिकटवावं लागतं.

२६ तारखेला, रविवारी जेवताना तू सहज सांगितलंस की आखातातल्या विमान कंपनीने तुला बोलावलंय. जसं काही वाटीभर आमटी जास्त मागावी! मी ताटावरून उठलो, तेवढं माझं चुकलं. बाकी काही चुकलेलं नाही. तुझ्या मामाचा दिपेश तिकडे नऊ वर्षं होता. ऑफिसात चांगला हुद्दा, गाडी, सगळं. एका सोमवारी नोकरी गेली आणि महिन्याभरात देश सोडायला लागला. पोरांची शाळा अर्ध्यावर टाकून आज मानपाड्याला भाड्याने राहतोय. नऊ वर्षांत त्या गावातलं एक माणूस त्याचं झालं नाही, असं तो स्वतः मला म्हणाला. तिथे तू मरेपर्यंत बाहेरचीच राहणार. केस पिकले तरी व्हिसा विचारतील.

आणि इथे काय कमी आहे? वर्षा-दोन वर्षांत कॅप्टन होशील. आकाश तर तेच आहे ना? की तिकडचं जास्त निळं आहे?

नीट विचार कर आणि नाही म्हणून कळव. आईचे गुडघे तसेच. लोभ आहे, पण सध्या तो दाखवण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

तुझा,
बाबा


माजिवडा,
७ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार. तो घालताना दातओठ खाल्ले, हेही कळावे.

ब्लॉक का केलं ते ऐका. ३० तारखेला, गुरुवारी विमान उतरवून फोन चालू केला तर तुमचे अकरा मिस्ड कॉल. वाटलं आईला काही झालं. लगेच फोन लावला, तर तुम्ही विचारलंत की तिकडे कुकर मिळतो का. आणि मग अर्धा तास ओरडलात. माझे कॅप्टन शेजारी उभे राहून ऐकत होते. अजून ब्लॉकच ठेवणार आहे.

इथे कॅप्टन होशील, असं मला कंपनीही चार वर्षं सांगतेय. दरवर्षी ते एक वर्ष पुढे जातं. महिन्याचं वेळापत्रक आदल्या दिवशी बदलतं, गणपतीला मी आरतीला कधी पोचलेले ते तुम्हीच आठवा. तिकडे मोठं विमान आहे, लांबचे प्रवास आहेत, तीन वर्षांचा करार आहे. मला ते मोठं विमान चालवायचंय बाबा. यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

दिपेशदादाचं खरं आहे, मला माहीत आहे. करार मी शेवटच्या पानापर्यंत वाचलाय. घर कंपनीचं, नोकरी गेली की तीस दिवसांत खाली करायचं. माझ्यासोबत राहते ती करिश्मा म्हणते डोळे मिटून जा. माझे डोळे मिटत नाहीत. आजारी पडले तर दार कोण ठोठावणार, हा विचार मीही करते. पण तो मला करू द्या ना! तुम्ही आधीच निकाल लावून मोकळे होता.

मी सही केलेली नाही. २८ तारखेपर्यंत सही आणि नव्या पासपोर्टची प्रत पाठवायची आहे. पासपोर्ट कळव्याच्या पत्त्यावर येईल. पोलीस चौकशीला आले तेव्हा तुम्हीच त्यांना चहा पाजून सांगितलंत ना, की मुलगी इथेच राहते? मग पाकीट आलं की आईला फोन करायला सांगा. ओळखपत्र घेऊन मी धावत येईन, पासपोर्ट दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत.

लोभ ठेवा, आवाज कमी ठेवा.

तुमची,
संचिता


कळवा,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. संचिता हिस,
आशीर्वाद.

पासपोर्ट आलेला नाही. टपालाचं तू मला शिकवू नकोस. तू रांगत होतीस तेव्हापासून मी रजिस्टर पत्रांच्या सह्या घेतोय.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. कुकरचं ऐकून ती हसली. मी नाही हसलो. तुला साधा भात लावता येत नाही, तू कराराची कलमं कसली वाचतेस? मोठं विमान, मोठं विमान! ज्या पोरीला घरातून शाळेपर्यंत एकटं सोडायला मी दोन वर्षं घाबरत होतो, ती आता मला सांगते की निकाल लावून मोकळे झालात. हो, झालोय मोकळा. बापाला तेवढा हक्क असतो. नसेल तर आजपासून घेतला.

२८ तारीख निघून गेली की आपण दोघं शांतपणे बोलू. तोवर काही लिहू नकोस. कळावे.

बाबा

ता. क. — बाळ, मी आई. हे पाकीट पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, ते वाफेवर उघडून लिहितेय, यांना सांगू नकोस. मंगळवारी पोस्टमन रवींद्र आलेला. हातात जाड पाकीट होतं. हे फाटकापाशी गेले, दोघं काही बोलले, यांनी त्याच्या हातून पेन घेतलं. रवींद्र पाकीट घेऊनच परत गेला. मी विचारलं तर म्हणाले, दुसऱ्याचं होतं. मला ते पटलेलं नाही. तू चौकशी कर.


माजिवडा,
२२ फेब्रुवारी २०२५

बाबा,

नमस्कार वगैरे आज राहू दे.

काल मी पासपोर्ट ऑफिसात गेले. न पोचलेल्या पासपोर्टांच्या गठ्ठ्यात माझं पाकीट होतं. पाकिटावर शेरा होता: पत्ता सोडून गेले. प्रेषकास परत. अक्षर बघताच मला कळलं. ‘ग’चा काना असा खाली ओढून वळवणारा माणूस या जगात एकच आहे. माझ्या शाळेच्या प्रत्येक वहीवर त्याच हाताने माझं नाव घातलंय.

तुम्ही म्हणाल, यात खोटं काय, तू माजिवड्याला राहतेस. म्हणूच नका! पोलिसांना मी इथेच राहते म्हणून सांगणारेही तुम्हीच. पोलीस आले की मी घरातली, पासपोर्ट आला की मी घर सोडून गेलेली. आणि रवींद्रकाकांना तुम्हीच काम शिकवलंत म्हणून त्यांनी तुमच्यापुढे तोंड उघडलं नाही. तक्रार केली तर त्यांची नोकरी जाईल. म्हणून मी करत नाहीये, तुमच्यासाठी नाही.

फ्लाइंग स्कूलचं पत्र आलेलं तो दिवस आठवतो? आपल्या गल्लीचं टपाल तुमच्याकडेच होतं. मी दारात नाचत होते, पाकिटाला हात घालत होते, आणि तुम्ही टोपी घालून उभे. आधी सही, मग पाकीट. बाप घरात, दारात पोस्टमन, असं म्हणाला होतात. ती गोष्ट मी प्रत्येक मैत्रिणीला सांगितलेय. आता कुठल्या तोंडाने सांगू?

आणि आता हे ऐका, कारण हे तुम्हाला लागावं म्हणूनच लिहितेय. मी नकार लिहून ठेवला होता. १० तारखेला. आईचे गुडघे, तुमचं वय, ते तीस दिवस, सगळ्याचा विचार करून. चार ओळींचा मेल, फक्त पाठवायचा होता. उद्या रविवारी येऊन तुम्हाला तोंडावर सांगणार होते, म्हटलं बाबांचा चेहरा बघू. काल घरी येऊन मी तो मेल पुसला आणि करारावर सही केली. पासपोर्टची प्रतही गेली. इथल्या कंपनीला सहा महिन्यांची नोटीस दिली. सप्टेंबरमध्ये निघेन.

तुम्ही लिहिलंत ना, पत्ता सोडून गेले. आता ते खरं करते.

संचिता


कळवा,
९ ऑक्टोबर २०२५

चि. संचिता हिस,
अनेक आशीर्वाद. ते घ्यायचे की परत पाठवायचे, ते तू ठरव.

सहा महिने तू खाडीपलीकडे होतीस आणि या घरी आली नाहीस. आलीस ती निघायच्या दिवशी, आणि तेव्हा मी मुद्दाम बाहेर गेलो. स्टेशनपाशी बाकड्यावर बसून होतो. आईने सांगितलं, तू तासभर थांबलीस. मला तुझा राग आला होता, की मी असं काही करेपर्यंत तू तो नकार खिशात घेऊन बसलीस. अजून येतो. माझा स्वतःचा त्याहून जास्त येतो. चौतीस वर्षांत मी एकही खोटा शेरा मारला नाही, रिटायर झाल्यावर एकदाच मारला, आणि तो तुझ्या नावावर. रवींद्रची माफी मागितली. तो बिचारा माझ्याच पाया पडायला लागला, ते आणखी वाईट झालं.

तुझा पत्ता आईकडून घेतला. हा कसला पत्ता? घर नाही, मजला नाही, पिनकोड नाही, नुसता पेटीचा नंबर आणि तोही कंपनीचा. दिपेशला विचारलं. तो म्हणाला, काका, तिकडे दारात टपाल येतच नाही, आपण जाऊन पेटी उघडायची. मी त्याच्यावरच ओरडलो. तू लिहिलं होतंस, आजारी पडले तर दार कोण ठोठावणार. मला वाटलं होतं, कोणी नाही तर निदान पोस्टमन तरी.

भात लावायला शिकलीस का? मोठं विमान कसं आहे, ते सविस्तर लिही. मी समजून घेईन. दिवाळीचा फराळ आई दिपेशच्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतेय, चकल्या मोडल्या तर मला दोष देऊ नकोस. आणि नंबर उघड. अकरा वेळा करणार नाही.

काल रवींद्र तुझ्या नावाचं एक स्पीड पोस्टाचं पत्र घेऊन आला. फाटकाबाहेरच उभा राहिला आणि काय शेरा मारू म्हणून खाली बघत विचारलं. मी सांगितलं, बाहेरगावी गेली आहे, येईल. पाकीट मी घेतलं. तुझं नाव होतं तिथे सही केली, आणि घेणाऱ्याचं नातं विचारतात त्या जागी लिहिलं, वडील. ‘व’ नीट आला नाही, पण तू असतीस तर ओळखलं असतंस.

पाकीट कपाटात ठेवलंय. उघडलेलं नाही. लोभ असावा असं आजवर मी सवयीने लिहायचो, आज ते मागतोय.

तुझा,
बाबा