सापडलेली वस्तू नव्हे, माझी गाडी

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी कलादालनात माझ्याच गाडीच्या दाराला हात लावला आणि तिथला रखवालदार म्हणाला, "काकू, कलाकृतीला हात लावायचा नाही." त्या क्षणी माझे आधीचे मृत्युपत्र रद्द झाले. हे नवे.

मी, निवृत्त ड्रायव्हिंग शिक्षिका, वय बहात्तर, हे पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहीत आहे. रागाने माझी बुद्धी फिरली होती असे उद्या कोणी कोर्टात म्हणू नये, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. नुकतेच मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यामुळे मला सध्या सगळे फारच स्वच्छ दिसते.

कलम १. गाडी. ऑपरेशनच्या काळात मी किल्ली भाच्याकडे दिली. बॅटरी उतरू नये म्हणून दिवसाआड गाडी सुरू करायची, एवढेच काम. भाचा शिल्पकार आहे. त्याने गाडी दालनात नेली, दारे वेल्डिंग करून बंद केली, आत काचांपर्यंत प्लास्टर भरले आणि बाहेरून पांढरा रंग फासला. इंजिनाला हात लावला नाही. त्यात त्याला काही अर्थ सापडला नसावा. भिंतीवरची पाटी सांगते: "सापडलेली वस्तू, प्लास्टर, रंग." गाडी हरवलेली नव्हती. माझ्या गॅरेजात, माझ्या कुलपात होती. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी आम्हाला दुसऱ्याच्या खोडरबरालाही "मे आय?" विचारल्याशिवाय हात लावू दिला नाही.

मी जाब विचारला तेव्हा तो पाहुण्यांसमोर म्हणाला, "आत्या, तू तिच्याकडे गाडी म्हणून बघू नकोस ना! ती आता गाडीच्या पलीकडे गेलीय."

"मग अलीकडे आण. मला सोमवारी बाजारात जायचंय."

लोक हसले. त्यांना वाटले, मीही प्रदर्शनाचा भाग आहे.

कलम २. ब्रेक. शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. भाच्याने तो कापून काचेच्या पेटीत ठेवला आहे. खाली लिहिले आहे की हा "स्त्रीच्या गतीवर व्यवस्थेने ठेवलेला पाय" आहे. बावीस वर्षे त्या ब्रेकवर फक्त माझा पाय होता. भाचा अठरा वर्षांचा असताना ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबून औषधाच्या दुकानाच्या काचेवर निघाला होता, तेव्हाही तिथे व्यवस्था नव्हती, मी होते. त्या दिवशी घामाने निथळत म्हणाला होता, "आत्या, तू होतीस म्हणून वाचलो!" ते वाक्य पाटीवर बसले असते. जागाही कमी लागली असती.

कलम ३. गाडी कोणाला. माझी एक विद्यार्थिनी आज रुग्णवाहिका चालवते. नव्या वर्षापासून ती बायकांसाठी ड्रायव्हिंगचा क्लास काढणार आहे आणि ही गाडी तिला द्यायचे मी कबूल केले आहे. बायकांनी नावेही नोंदवली. दालनात ती गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "बाई, आता शिकवू कशावर? स्वयंपाकघरातल्या स्टुलावर?" गाडी व दोन्ही ब्रेक तिचे आहेत. मी जिवंत असो वा नसो.

कलम ४. घर. वरच्या मजल्यावरची मोठ्या खिडक्यांची खोली भाचा स्टुडिओ म्हणून फुकट वापरतो. जिन्यावर सांडलेले प्लास्टर मीच खरवडते. आधीच्या मृत्युपत्रात सगळे घर त्याचे होते. आता फक्त ती खोली त्याची, आणि तीही गाडी चालू स्थितीत, दारे उघडतील अशी आणि ब्रेक जागेवर बसवून परत आली तरच. उरलेले घर विद्यार्थिनीचे; गाडी तशी न आल्यास ती खोलीही तिचीच. गॅरेजवाल्याने गाडी पाहिली आहे. तो म्हणतो, "काकू, प्लास्टर छिन्नीनं निघेल, वेल्डिंग मी कापून देतो. इंजिन ठणठणीत आहे." छिन्नी भाच्याकडे आहेच. एकदा तरी उपयोगी कामाला लागेल.

कलम ५. धाकटा भाऊ, म्हणजे या कलावंताचा बाप. फोनवर म्हणाला, "ताई, जाऊ दे ना, पोराचं नाव होतंय." त्याला मी आमच्या वडिलांचे घड्याळ देते. ते तो पूर्वीच न विचारता घेऊन गेला आहे. घराण्याची कला कुठून आली, हे यावरून कळावे.

कलम ६. देह. अंत्यविधी साधा, भाषणाशिवाय. माझा चष्मा, चपला, कवळी आणि अस्थी यांपैकी काहीही कुठल्याही प्रदर्शनात मांडू नये. कशालाही पांढरा रंग देऊ नये.

हे मृत्युपत्र मी वाचून, दोन ठिकाणी आणखी कडक करून, साक्षीदारांसमोर त्यावर सही केली.

साक्षीदार: (सही) शेजारच्या दातांच्या डॉक्टर
(सही) कोपऱ्यावरचा गॅरेजवाला

(सही) निवृत्त ड्रायव्हिंग शिक्षिका
ठिकाण: माझे स्वयंपाकघर. दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४.

ता. क. भाच्यास प्रत. गाडी कोणत्या दिवशी परत आणतोस ते शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४, संध्याकाळी पाच वाजण्यापूर्वी लेखी कळव. त्यानंतर कलम ४ मधल्या खोलीचे कुलूप बदलेल. उत्तर माझ्या हातात दे. दाराखालून सरकवलेस, तर मला एक कागद सापडला असे मी समजेन. आणि सापडलेल्या वस्तूचे काय करतात, ते तू मला दाखवले आहेस.