ठकीच्या पाठीला कोणी हात लावू नये

मी, श्रीमती वनमाला दशरथ घाडी, वय ६३, राहणार चारकोप, कांदिवली (पश्चिम), धंदा बाळंतिणींना आणि तान्ह्या मुलांना तेल लावून न्हाऊ घालणे, हा कागद स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. सातवी पास आहे, अंगठा उठवणार नाही. रक्तदाब वाढलेला असला तरी डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी फूस लावलेली नाही. तेवढ्यासाठीसुद्धा माझ्याकडे कोणी येत नाही.

१. आधी ठकीचं. ठकी ही माझी आखूड पायांची, लांब पाठीची कुत्री. मूळची पार्ल्याच्या उत्तराबाई टिपणीस यांची. सोफ्यावरून उडी मारताना तिच्या मणक्यातली चकती सरकली आणि मागचे पाय गेले. त्यांनी ऑपरेशन केलं, पण पुढचं करणार कोण? ती गालिच्यावर मुतली तेव्हा उत्तराबाई म्हणाल्या, "वनमालाबाई, तुम्ही नेता का? नाहीतर इंजेक्शन देऊन मोकळी करू." यांची दोन्ही मुलं मी पायांवर घेऊन न्हाऊ घातली आहेत. आता ठकी चालते हे कळल्यावर त्यांचे यजमान विद्याधरराव पट्टा घेऊन माझ्या दारात आले. "आमचीच आहे ना ती!" टिपणिसांच्या घरी ठकी कदापि जाऊ नये.

२. तेलाची पितळी वाटी आणि न्हाणीतला पाट शकुला द्यावा. शकु माझ्या हाताखाली शिकली आणि "म्हातारीचे हात थरथरतात" असं सांगून तिने माझी पार्ल्यातली तीन घरं पळवली. हात थरथरतात हे खरं आहे. ठकी मात्र तिला देत नाही, कारण पाठ दिसली की शकु चोळल्याशिवाय राहणार नाही. हे तिला मीच शिकवलं.

३. पोस्टातल्या पैशातून माझे दिवस साधेपणाने करावेत. उरेल ते ठकीच्या औषधाला.

४. ठकीला सांभाळील त्याच्यासाठी. सकाळ-संध्याकाळ पोट हलकेच दाबून लघवी काढावी लागते, ती अजून आपल्या आपण करत नाही. फरशीवर गोणपाट अंथरावं, पाय घसरतात. पोटाखालून टॉवेल घालून अंगणात फिरवावं. उडी मारू देऊ नये.

पाठीला तेल लावू नये. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा आठवडे छोट्या पिंजऱ्यात नुसती पडू दे. नवव्या दिवशी मला राहवलं नाही. कोमट तेल घेऊन मी पाठ चोळली. ठकी किंचाळली आणि पायांत जरा जीव येत होता तोही गेला. डॉक्टर माझ्यावर ओरडले, "बाई, दुखावलेल्या मणक्यावर जोर देतात का? माणूस असो की कुत्रं, आधी हलवायचं नाही!" पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. चालायला पाच महिने लागले.

माणूस असो, असं ते म्हणाले. त्या रात्रीपासून मला धड झोप नाही.

५. माझे यजमान दशरथ १९७४ साली गिरणीत पाठीवर पडले. चालत घरी आले होते. मुलगा चंद्रप्रकाश म्हणाला, "आये, हात लावू नको गो. मी डॉक्टराक घेऊन येतंय," आणि धावत गेला. मी ऐकलं नाही. पार्ल्यातल्या एवढ्या बायकांच्या पाठी मी सरळ केलेल्या, मला कोण शिकवणार! तेल लावलं, गुडघा देऊन पाठ मोडली. डॉक्टर आले तोवर यजमानांचे पाय थंड पडले होते. दोन वर्षं अंथरुणात काढून ते गेले. पडल्यामुळे की माझ्या गुडघ्यामुळे, हे कोणी सांगू शकत नाही. पोराने डॉक्टर उशिरा आणला, असं मात्र मी गावापर्यंत सगळ्यांना सांगितलं. तो घर सोडून गेला तेव्हाही हेच सांगत राहिले. ते खोटं होतं. तो अर्ध्या तासात आला होता.

सबब ही माझ्या नावची खोली चंद्रप्रकाशला द्यावी. ठकीसुद्धा त्यालाच द्यावी, अशी माझी इच्छा आहे. पाठीला हात न लावणारा तोच एक मला माहीत आहे. त्याने ठकीला घेतलं नाही तरी खोली त्याचीच. त्याच्यावर अट घालायला मला तोंड नाही.

हा कागद त्याला कोणीतरी पूर्ण वाचून दाखवावा. मी समोर बसून सांगू शकले नाही.

ठिकाण: चारकोप
दिनांक: ९ नोव्हेंबर १९८७

(सही) वनमाला दशरथ घाडी

आमच्यासमोर बाईंनी सही केली. सही करताना हात थरथरत होता, पण त्यांनी आधार घेतला नाही.

साक्षीदार:
१. (सही) भीमराज सोनू तांबे, शेजारी
२. (सही) जयंती गुणाजी परब, शेजारीण