रिकामी म्हणून लिहिलेली गाडी

सोमवार, ३

२७ नंबरच्या बसची पहाटे पाच चाळीसची फेरी सतरा तारखेपासून बंद. वाहतूक अधीक्षकांनी स्वतः दुपारी फोनवर सांगितलं. ‘तुमच्या बातमीची कमाल हो! एरवी इथे फाइल हलायला वर्ष लागतं.’

मागच्या सोमवारची बातमी — शहरातल्या सर्वांत रिकाम्या पाच फेऱ्या. परिवहनने महिन्याभरापूर्वी आपली सगळी आकडेवारी संकेतस्थळावर खुली केली. कुठल्या थांब्यावर तिकिटाच्या मशीनमध्ये किती प्रवासी नोंदले, कुठली गाडी कधी कुठे होती — ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावं. मी घेतलं. छप्पन्नाव्या वर्षी दीड लाख ओळींचा तक्ता चाळायला शिकलो, त्याचं कौतुक मलाच जास्त. २७ची पहिली फेरी यादीत तळाला. दोन महिन्यांची सरासरी — तीन प्रवासी! ही गाडी आठच्या गर्दीला द्या, असं शेवटच्या परिच्छेदात सुचवलंही होतं.

संपादक खूश. ‘चौकट करा, पहिल्या पानावर घेतो.’ साडेपाचला देऊन टाकली.

मंगळवार, ४

सकाळी ताईचा फोन.

‘अरे शहाण्या, ती बातमी तूच लिहिलीस ना?’

‘हो. का?’

‘आमची गाडी रिकामी असते? मग मी काय रोज हवेत लटकत जाते?’

ताई रुग्णालयाच्या धुलाई विभागात आहे, सव्वीस वर्षं. पहिली पाळी, सव्वासहाला हजेरी. हे मला माहीत होतं. कुठल्या गाडीने जाते, हे कधी विचारलंच नव्हतं.

पुढची गाडी सहा वीसला. म्हणजे पोहोचायला सहा पन्नास. तीनदा उशीर झाला की पाळी बदलतात. आणि दुसरी पाळी मिळाली की संपलं — भावोजी पडल्यापासून अंथरुणावर आहेत. शेजारीण दुपारपर्यंत बघते, अडीचला ताई घरी येते. ‘संध्याकाळी ह्यांना कोण उठवणार-बसवणार? तू येणार आहेस?’

मी म्हटलं, ताई, आकडे काही खोटं बोलत नाहीत.

‘मग मी बोलते का?’

फोन ठेवून दिला तिने.

बुधवार, ५

पूर्ण सकाळ पुन्हा तक्त्यात. माझी काही चूक? रकाना सरकला? नाही. ताई पाण्याच्या टाकीपाशी चढते. त्या थांब्यावर साठ दिवसांत, पहिल्या फेरीला, चढलेली माणसं — नऊ. एकटी ताईच पन्नासएक वेळा तरी चढली असणार!

मग दुसरी फाइल उघडली. मागच्या वेळी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. गाडी कुठे आहे, याची दर वीस सेकंदांची नोंद. इतर थांब्यांवर गाडी वीस सेकंद थांबते, फार तर चाळीस. टाकीपाशी — रोज दोन मिनिटं! कोणी चढत नाही त्या थांब्यावर गाडी दोन मिनिटं करते काय?

चालक चहा पीत असेल, असं वाटलं. मग वार लावून पाहिले. रविवारी वीस सेकंद. सोमवार ते शनिवार दोन मिनिटं.

चहाला रविवारची सुट्टी कशाला असेल?

ताईला निरोप पाठवला, धुलाई विभाग रविवारी बंद असतो का? उत्तर आलं — ‘हो.’ बाकी एक अक्षर नाही. अजून रागात आहे.

गुरुवार, ६

सव्वापाचला सुरुवातीच्या थांब्यावर हजर. वही, पेन्सिल. टाकीपर्यंत सहा माणसं. मी मनात म्हटलं, बघ, सहाच!

टाकी आली. अंधारात आधी नुसते डबे दिसले, मग बायका. रांग थांब्याच्या पत्र्याबाहेर. चढताहेत, चढताहेत, संपतच नाहीत. अडतीस! एकूण चव्वेचाळीस. मला उठून उभं राहावं लागलं.

ताईने पाहिलं. सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं — ‘हा बघा गं, हाच तो! माझा भाऊ. मोजायला आलाय.’

‘मोजा हो, मोजा. मला दोनदा मोजलंत तरी चालेल, तेवढी आहे मी!’

‘दिसतोय का आम्ही, की चष्मा बदलायचाय?’

सगळी गाडी हसली. मीही. दुसरं करणार काय?

पण नजर कंडक्टरवर होती. पन्नाशीचा, सडसडीत. ‘आत सरका, मागे जागा आहे’ एवढंच म्हणत होता. मशीन गळ्यात लोंबतंय, त्याला हात नाही. कोणी पास दाखवत नाही, हा मागत नाही. शेवटच्या थांब्यावर गाठलं त्याला.

‘सगळ्यांचे महिन्याचे पास आहेत साहेब. चार वर्षं ह्याच फेरीवर आहे मी. कोणाची मुलगी कितवीत आहे तेसुद्धा माहीत आहे. पास काय मागायचा?’

‘पण मशीनमध्ये नोंद?’

‘करायची असते,’ तो म्हणाला. मग मशीनवर करून दाखवलं. पासचा नंबर टाका, बटण दाबा, पावती निघेपर्यंत थांबा. घड्याळ लावलं — आठ सेकंद. ‘आता अडतीसने गुणा. पाच मिनिटं दारातच. ह्यांची हजेरी हुकते. पासचे पैसे भरलेत ना आधीच? मग नोंद नसली तर कोणाचं काय अडलं?’

तीन प्रवासी म्हणजे तीन तिकिटं होती तर. माणसं मी पाहिलीच नव्हती.

शुक्रवार, ७

अधीक्षकांकडे गेलो. वही दाखवली, टाकीपाशी गाडी किती वेळ थांबते तो कागद ठेवला. माणूस वाईट नाही. चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिलं. ‘रविवारी थांबत नाही? अरे वा, हे आमच्या लक्षात नव्हतं आलं!’

मग खुर्चीत मागे टेकून — ‘पण साहेब, आकडे आमचे, वाचलेत तुम्ही, निर्णय त्यावर झाला. आता चव्वेचाळीस म्हणताय. मग मशीन तीन का म्हणतं?’

मी वही मिटली.

‘कारण लेखी द्या. बारा तारखेच्या आत. कारणाशिवाय मला फेरी परत लावता येणार नाही.’

कारण लिहायचं म्हणजे कंडक्टर लिहायचा. नाव गाळून उपयोग नाही, चार वर्षं त्या फेरीवर तो एकटाच आहे.

शनिवार, ८

दोनदा लिहायला बसलो. तीस वर्षांत पहिली ओळ सुचली नाही असं क्वचितच झालं असेल. आज झालं.

रविवार, ९

डेपोसमोर कंडक्टरला भेटलो. सगळं सांगितलं — बातमी माझी, चूक माझी, आणि ती निस्तरायची तर तुम्ही अडकता.

तो मशीनचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला.

‘म्हणजे मी नोंद केली असती तर फेरी बंद पडलीच नसती?’

‘नाही.’

‘मला वाटलं, मी त्यांचा वेळ वाचवतोय.’ मग एकदम — ‘लिहा. मशीनवर माणसं मोजतात हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, तेही लिहा. गाडी राहिली पाहिजे. मला काय, दुसऱ्या मार्गावर टाकतील. उद्यापासून सगळ्यांची नोंद करतो.’

संध्याकाळी पाचला पत्र लिहून झालं. बातमीही. संपादक म्हणाले, ‘दुरुस्ती आहे, आत जाऊ दे.’ मी म्हटलं, चूक पहिल्या पानावर केली होती. नाक मुरडलं, पण घेतली.

सोमवार, १०

कंडक्टरने शब्द पाळला. ताईचा सातला फोन — ‘अरे, आज आम्ही सगळ्या उशिरा! मुकादम दारात उभी होती.’ राग होता, पण त्या दिवसासारखा नाही.

मंगळवार, ११

संकेतस्थळावर कालचे आकडे आले. २७, पहिली फेरी, पाण्याची टाकी — ३९. त्या ओळीकडे किती वेळ बघत बसलो! त्यातली एक ताई.

बुधवार, १२

फेरी राहिली! अधीक्षकांनी साडेचारला कळवलं. पाच चाळीसऐवजी पाच चौतीसला सुटणार, नोंदीला वेळ मिळावा म्हणून. मशीनमध्ये पासधारकांचा एकदम आकडा टाकता येईल का, तेही विचारलंय म्हणाले. आणि संकेतस्थळावर तक्त्याच्या वरच एक ओळ आली आहे: पासधारकांची नोंद सर्व मार्गांवर पूर्ण नाही. ही ओळ महिन्यापूर्वी असती तर? असती तरी मी वाचली असती का?

ताईला सांगितलं. ‘सहा मिनिटं झोप गेली आमची, तुझ्यामुळे.’ मग म्हणाली — ‘रविवारी जेवायला ये. ह्यांनाही भेटशील.’

यादीतल्या उरलेल्या चारही फेऱ्या पहाटेच्याच आहेत, हे आज लक्षात आलं. परवापासून एकेकीत बसायचं. कोण असेल त्यांत?

शुक्रवार, १४

कंडक्टरला नोटीस. चार वर्षं नोंदी केल्या नाहीत. आधार — माझं पत्र. चौकशी पुढच्या गुरुवारी, अकरा वाजता. तोवर त्याला गाडीवर घेणार नाहीत. त्याच्या बाजूने बोलायला कोणी हवं. बायका त्या वेळी कामावर.

साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. संपादक म्हणाले, ‘मग तुम्ही एका बाजूचे झालात, परिवहनची बातमी यापुढे तुम्हाला लिहिता येणार नाही. समजतंय ना?’

समजतंय, म्हटलं. चार फेऱ्यांची यादी दुसऱ्या वार्ताहराच्या टेबलावर ठेवून आलो. गुरुवारी अकराला जायचं आहे.