आधी आपलं रिजेक्शन

२९ जून २००४
‘साचा’ या आपल्या ई-मेल गटाला आठ महिने झाले. सभासद एकतीस, शिरोलीतल्या पाच फाउंड्र्यांतले. शेवटचा संदेश एकोणीस दिवसांपूर्वीचा, माझा. त्याच्या आधीचाही माझाच.
हेतू निर्मळ होता. ओतकामातले दोष एकमेकांपासून लपवणाऱ्या माणसांनी ते एकमेकांना सांगावेत. प्रत्येक संदेश आधी माझ्याकडे येई, तपासून पुढे जाई. निराधार विधान एकही आत आले नाही. ही शांतता प्रगल्भतेची असावी, असे मी मार्चपर्यंत समजत होते.
पंपाच्या बॉडीत पुन्हा वायूची छिद्रे. आज चाळीसांपैकी अकरा नग बाद. माझ्या प्रयोगशाळेत धातूचे पृथक्करण तीनदा केले. निर्दोष.

३० जून
सकाळी बैठक. दादासाहेब (मालक) नेहमीपेक्षा हळू बोलले, म्हणजे गंभीर. “पंधरा तारखेला पुण्याची पार्टी येणार. तवर भोकं थांबली न्हाईत तर काम दुसरीकडं जातंय. मग रात्रपाळी बंद. बावीस माणसं हायत, म्याडम.”
गटावर प्रश्न टाकला. उत्तर नाही.
कोअर शॉपचे, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे (कोअर) बनवणाऱ्या विभागाचे, फोरमन शिवगोंडाअण्णा, तीस वर्षांचा अनुभव. मुद्दाम जाऊन विचारले, तुमचे मत काय? म्हणाले, “मतच हाय की. पुरावा कुठाय?” आणि वाळूच्या ढिगाकडे वळले.
उर्मट वाटले. तसे लिहूनही ठेवले होते. आत्ता खोडते आहे, कारण खाली ५ तारखेला लिहिले आहे.

३ जुलै
प्रयोगशाळेतली रूपाली जेवायला गेली होती. तिचा मेल उघडाच. मला फक्त कार्बनचे आकडे हवे होते.
डावीकडे एका गटाचे नाव: भंगार कट्टा. सभासद सव्वीस. सगळेच्या सगळे माझ्या ‘साचा’तले. मी नाही.
दुसऱ्याचे पत्र वाचू नये, एवढे मला कळते. पंचवीस मिनिटे वाचले.

४ जुलै
आजही वाचले. रू.ला बाहेर पाठवायला काम शोधले.
सगळे रोमन लिपीत, विरामचिन्हे नाहीत, अर्धी वाक्ये. माझ्या गटात यातले एकही टिकले नसते. आणि प्रत्येक प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर.
“कालच्या जॉबला एवढी भोकं पडल्यात, मिसेस म्हणाली आण घरला, पुऱ्या तळायला झारा हुईल.” त्याखाली सात जणांची चेष्टा, आणि आठव्याचे तीन ओळींचे नेमके उत्तर. ती चेष्टा मधे नसती तर आठवा बोलला नसता, असे वाटते. का वाटते, सांगता येत नाही.
अण्णा टंकत नाहीत. सांगतात, रू. जेवणाच्या सुट्टीत उतरवून घेते. जूनमधला त्यांचा निरोप, दुसऱ्या फाउंड्रीतल्या कुणाला तरी: “सुट्टीआधी केल्याला कोअर सुट्टीनंतर तसाच बसवू नगा. ओल धरतोय. पयला परत शेका. मेटलबिटल काय बगत बसू नगा.”
खाली कुणीतरी: “अण्णा, तुमच्या म्याडमना सांगिटलं का?”
अण्णा: “सांगिटलं हुतं. पेपर तपासून परत आला.”

५ जुलै
सुट्टी. घरी ‘साचा’चे जुने संदेश काढले. डिसेंबर. अण्णांचा तिथला पहिला आणि शेवटचा. गेल्या पावसाळ्यात सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी छिद्रे येत, ओल धरलेला कोअर हाताला कळतो, एवढेच. माझे उत्तर, सर्व एकतीस जणांना: “‘हाताला कळतो’ हे मोजमाप नव्हे. किती टक्के ओल? कोणत्या उपकरणाने मोजली? पुराव्यावाचून मत मांडू नये.”
त्या दिवशी हे वाक्य मला फार नेटके वाटले होते.
मग घरी आणलेली बाद नगांची पत्रके पाहिली. आमचे बाद नग जवळजवळ सगळे मंगळवारचे. सोमवार सुट्टीचा. रविवारी केलेले कोअर दीड दिवस दमट हवेत पडून. तापला धातू पडला की त्या ओलीची वाफ होते, तिचीच ही छिद्रे. इतके सोपे. आणि अण्णांना स्वतःहून ते पुन्हा शेकता येत नव्हते. प्रक्रिया-पत्रकात माझ्या सहीवाचून काहीच बदलत नाही, हा नियम माझाच.

६ जुलै
रविवारचे कोअर पुन्हा भट्टीत घालायला लावले. अण्णांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिले, घातले.
चाळीस नग. छिद्र एकही नाही.

७ जुलै
दादासाहेबांनी सगळ्यांना बोलावले. विचारले, कसे सापडले? मी उभी राहिले. म्हणाले, मंगळवार आणि आर्द्रता यांचा संबंध पाहिला, निष्कर्ष काढला, पडताळला. प्रत्येक वाक्य खरे. म्हणूनच अधिक लाजिरवाणे.
“ह्याला म्हणत्यात शिक्षण!” दादासाहेब टाळी वाजवत म्हणाले. “शिका जरा, शिका!”
अण्णा दाराशी. “बरं झालं की, म्याडम. घावलं एकदाचं.” उपरोध असता तर बरे झाले असते. आवाज साधा होता.
रू. खाली बघत होती.

९ जुलै
काल काही लिहिले नाही. छिद्रे थांबली. कामगार मला नमस्कार करतात. अण्णाही.

१० जुलै
रू.ला सांगितले की तुझा मेल वाचला. तिने हातातली परीक्षानळी स्टँडला लावली. “कळलंवतं मॅडम. तुम्ही मला तीनदा एकाच कागदासाठी स्टोअरला पाठवलंसा.”
मला कट्ट्यावर यायचे आहे, म्हणाले.
“येता येतं की. पण रिवाज हाय. आधी आपलं एक रिजेक्शन सांगायचं. स्वतःचं. दुसऱ्यावर ढकलायचं न्हाई. अण्णांनीच घातलाय नियम.”
अण्णांनी काय सांगितले होते?
“सांगितलंय त्यांनी. पण ते कट्ट्यावरचं हाय.” नाही सांगितले. बरोबरच.

११ जुलै
मसुदा केला. तीन पाने. रू.ने वाचला.
“मॅडम, ह्यात चूक कुठं हाय?”
पहिल्या पानावर आहे.
“तिथं आर्द्रता हाय. दुसऱ्यावर तुमच्या कामाचा ताण. तिसऱ्यावर सगळ्यांचं भलं.” मग, “अण्णा असले तर म्हणतील, भट्टी दाखीवली, भोक दाखीवलं न्हाई.”
माझा कागद आजवर कुणी परत केला नव्हता. पहिली ते डॉक्टरेट. चिडले: यात खोटे काय आहे? “तुला काय कळतं” हे शब्द ओठांपर्यंत आले. एकतीस जणांना काय वाटले असेल, ते त्या क्षणी समजले. आधी फक्त माहीत होते.

१३ जुलै
कट्ट्यावर पाठवला. चार ओळी. “कोअर पुन्हा शेकण्याचा उपाय शिवगोंडाअण्णांचा. डिसेंबरात त्यांनी सांगितला तेव्हा मी सगळ्यांदेखत झिडकारला. जुलैत तो तुमच्या गटातून चोरून वाचला आणि बैठकीत माझा म्हणून सांगितला. टाळ्याही घेतल्या.”
शुद्धलेखन तपासले नाही. खरे तर तपासले, एकदाच.

१४ जुलै
उत्तर नाही. सकाळपासून सहा वेळा पाहिले. माझ्याकडे पाठवलेला निरोप तपासून पुढे जायला कधी आठवडा लागे. माणसे असेच बघत बसत असतील का? की दुसऱ्या दिवशीच सोडून देत असतील?
कोअर शॉपमधून जाताना अण्णा कुणाला तरी ओरडत होते. मला पाहून थांबले नाहीत, ओरडतच राहिले. हे चांगले की वाईट, ठरवता येईना.

१५ जुलै
दुपारी रू. धावत आली. अण्णांचे उत्तर आले होते. जेवणाच्या सुट्टीत तिनेच उतरवून घेतलेले. तरी मला वाचून दाखवताना हसू आवरेना.
“म्याडम, ह्ये आमास्नी म्हाईत हाय. सात तारखेलाच कळलं. दुसरं सांगा.”
त्याखाली इतरांच्या ओळी. एकाने झाऱ्याची आठवण काढलेली. आत घेतले की दारात उभे केले, रू.लाही सांगता येईना. “अण्णांचं तसंच असतंय,” एवढेच म्हणाली.
दुसरं शोधावे लागले नाही. पुण्याच्या पार्टीला द्यायचा अहवाल टेबलावर आहे. ‘दोषाचे कारण व उपाय: संशोधन’, खाली एकच नाव, माझे. दादासाहेबांनी त्याला सोनेरी कडेची फाइल आणवली आहे.
पाहुणे चारला येणार. दादासाहेब केबिनमध्ये एकटे आहेत. साडेतीन वाजले.
फाइल घेऊन उठते आहे.