पौलाच्या प्रवासांचा नकाशा मेधाला

मी, विनीता निशिकांत उजगरे, वय एकाहत्तर, निवृत्त शालेय ग्रंथपाल, राहणार बिशान, सिंगापूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास बायबलमधल्या प्रेषित पौलाचे तीनही सुवार्ताप्रवास गावांच्या क्रमाने मला विचारावेत. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी छडी घेऊन पाठ करून घेतले आहेत.

१. बिशानचा फ्लॅट व बँकेतील शिल्लक माझी एकुलती मुलगी मेधा हिला. सीपीएफ, म्हणजे इथला भविष्यनिर्वाह निधी, मृत्युपत्रात येत नाही. त्यावर आधीपासून तिचेच नाव आहे. सहा वर्षे आम्ही धड बोललो नाही, तरी ते मी बदललेले नाही, याची तिने नोंद घ्यावी.

२. चहाचे स्टीलचे पिंप आमच्या मराठी प्रार्थनामंडळाचे प्रमुख चारुदत्त यांना. दर महिन्याच्या सभेत वचन पुरुषांनी सांगायचे आणि चहा मी द्यायचा, हा बावीस वर्षांचा रिवाज. भरलेले पिंप जड असते. त्यांनी एकदा उचलून पाहावे.

३. पौलाच्या प्रवासांचा कापडी नकाशा. सोळा महिने खपून मी तो भरला: पहिला प्रवास तांबड्या दोऱ्याने, दुसरा निळ्या, तिसरा हिरव्या. फिलिप्पैशी लुदिया, करिंथाशी प्रिस्किल्ला आणि किंख्रियाशी फिबी, अशी नावेही भरली. या बायकांनी दारे उघडली नसती, तर हे प्रवासी राहिले कुठे असते? गेल्या महिन्यात चारुदत्त यांनी नकाशा सभेत लावला आणि पौलाची वाट दाखवायला नेमके त्या तीन नावांवर कागदी बाण चिकटवले.

"आंटी, लोकांना पौल दिसायला हवा ना," ते म्हणाले. "भरतकाम मात्र फर्स्ट क्लास!"

"रोमला पत्र पोचवायला पौलाला फिबीच लागली रे," मी म्हणाले. "तुझे बाण नाही लागले."

सगळे हसले आणि चहा मागू लागले.

याच मंडळातून मेधा सहा वर्षांपूर्वी उठून गेली. दुसऱ्या प्रवासाचा धडा तिने तयार केला होता. सभेत तो चारुदत्त यांनी वाचला, तिचे नावही न घेता. मी तिलाच बोल लावला. म्हणाले, पौलाला अर्ध्या वाटेत सोडून घरी पळालेला मार्क आहेस तू.

"मी पळाले नाही, आई. तू बस त्यांना चहा पाजत."

मी बसले. तिचे बरोबर होते. हे फोनवर सांगायला माझी जीभ वळत नाही. एरवी ती कशी चालते, ते सर्वांना ठाऊक आहे.

नकाशा मेधाला. बाण मी सोलून काढले. फिबीवर गोंदाचा डाग राहिला आहे.

४. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मेधाने करावी. माझ्या अंत्यविधीला वचनही तिनेच सांगावे. चारुदत्त यांनी श्रोत्यांत बसावे, शक्यतो मागे.

५. पौलाने मार्काला पुढे परत बोलावले, पण तोवर तो स्वतः कैदेत पडला होता. इतके थांबायची माझी तयारी नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावरच उघडायचे, ही रीत मला मान्य नाही. याची एक प्रत उद्याच जुरोंग ईस्टला मेधाच्या पत्त्यावर जाईल.

मेधा, शनिवारी ये आणि नकाशा माझ्या डोळ्यांदेखत घेऊन जा. घडी घालू नकोस. गुंडाळून ने.

विनीता निशिकांत उजगरे (सही)

विनीताबाईंनी आम्हा दोघांसमक्ष सही केली. या मृत्युपत्रातून आम्हांला काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार:
प्रबोध वाघचौरे, शेजारी (सही)
श्रीमती लिम सिऊ हून, शेजारीण (सही)

बिशान, सिंगापूर
१४ सप्टेंबर २०१६