बावीस फरश्यांचा हॉल

४ तारीख, सोमवार

पोहोचले एकदाची! दोन विमानं, एक बस आणि शेवटचे तीन तास टेम्पोत सिमेंटच्या गोण्यांवर. मिशनच्या दारात उतरले तेव्हा मोठ्या बाईंनी आधी मला झटकलं आणि मग मिठी मारली. मोठ्या बाई इथल्या प्रमुख. मूळच्या आपल्याकडच्या, पण तीस वर्षांपूर्वी सेवेला आल्या आणि इथल्याच झाल्या. परक्या देशात मराठी ऐकून इतकं बरं वाटलं की विचारू नका.

माझी खोली वरच्या मजल्यावर आहे, उपासनेच्या खोलीला लागून. लोखंडी खाट, टेबल, तीन खुंट्या, आणि मनात येईल तेव्हा पाणी देणारा नळ. खाली एकच मोठा हॉल. तिथे चोवीस तारखेला, रविवारी, उपासनेनंतर बालवाडी सुरू होणार. मला कामं दोनच: हॉल रंगवायचा आणि गावातून मुलं गोळा करायची. पहिलं काम ऐकून मी हसलेच. रंगाऱ्याची पोर मी, बाराखडीच्या आधी ब्रश धरलाय! लगेच खाली जाऊन माप घेतलं. रुंदीला बावीस फरश्या, लांबीला तीस, दोन खिडक्या, एक दार. एका हाताला चार डबे पांढरा रंग लागेल, असं पप्पांच्या थाटात सांगूनही टाकलं. बाई म्हणाल्या, प्रभूने अगदी हवी ती मुलगी पाठवली. आज मी भलतीच खूश आहे.

६ तारीख, बुधवार

इथले लोक म्हणजे कमाल आहे बाई! मला येताना पाहिलं आणि पाववाल्याने शटर धाडकन खाली ओढलं. आत पाव रचलेले मी या डोळ्यांनी पाहिले. पुढच्या गल्लीत एकीने बादलीभर घाण पाणी बरोब्बर माझ्या पायांपुढे ओतलं. तिसरीने तोंडावर दार आपटलं. आणि मिशनच्या चादरी धुणाऱ्या बाईची पोर, असेल पाच-सहा वर्षांची, तिने नेम धरून खडा मारला तो थेट गुडघ्यावर. रडूच आलं, पण तिचा नेम मानला. मी तिचं नाव मिरची ठेवलंय.

बाई म्हणाल्या, या लोकांची मनं दगडाची झाली आहेत. जितका विरोध जास्त, तितकं आपलं काम सैतानाला झोंबतंय असं समजायचं. मग काय, मला चेवच आला. छळ सोसायचीच तर तयारी करून आलेय. उद्यापासून दारोदार पुन्हा.

९ तारीख, शनिवार

भिंती खरवडल्या. एक पोपडा निघाला तो चांगला जाडजूड, थरावर थर. चाळीसपर्यंत मोजले आणि सोडून दिले. बाई म्हणतात, दर वर्षी कुणीतरी मुलगी येते आणि हॉल रंगवते. त्याखाली डाग दिसले. तेल लावलेली डोकी टेकून मुलं बसली की भिंतीला पडतात ना, तसेच, ओळीने, चारही भिंतींना. माझ्या गुडघ्यांच्या जरा वर. मागच्या वर्षांच्या मुलांचे असणार. पुट्टी भरली आणि पहिला हात मारला. चार डबे, मी म्हटलं होतं तेवढेच. खांदे गेले कामातून.

१३ तारीख, बुधवार

डाग पुन्हा वर आलेत! ओल म्हणावी तर भिंत कोरडी आहे, उलट जरा कोमटच लागते. दुसरा हात मारला. तीनच डबे लागले. दुसऱ्या हाताला रंग कमी पितेच भिंत, पण इतका कमी? पप्पा असते तर कॉलर ताठ केली असती.

आजची खरी बातमी वेगळीच. धुणंवाली एकटीच चादर पिळत होती, मी न विचारता दुसरं टोक धरलं. आधी तिने डोळे वटारले. मग पिळता पिळता मी पाय घसरून बदकन पडले, आणि दोघी मायलेकी जी हसायला लागल्या! मला त्यांची भाषा येत नाही. बाईंनी चारच शब्द शिकवलेत: या, बसा, छान, घाबरू नका. तेवढ्यावर तासभर गप्पा झाल्या. मी शिकवलं तसं मिरची आता मला ताई म्हणते. दात पडलाय तिचा, तरी ताई मात्र स्वच्छ म्हणते.

१७ तारीख, रविवार

नऊ मुलं झाली! धुणंवालीने मिरचीचं नाव दिलं, तिचं बघून शेजारणींनी दिली. मी प्रत्येकीच्या दारात उभी राहून चारही शब्द वापरले. घाबरू नका, घाबरू नका. आणि त्यांनी ऐकलं माझं. इतका आनंद मला बाप्तिस्म्याच्या दिवशीही झाला नव्हता.

पाववाल्याला काय खुपलं कुणास ठाऊक. रस्त्यात माझं मनगट धरून ओढत दुकानात नेलं आणि एक फोटो नाकापुढे धरला. आपल्याच हॉलमधली मुलं, भिंतीला टेकून बसलेली. त्यातल्या एका मुलीच्या तोंडावर बोट आपटत तो रडत होता, आणि मग माझ्या पायांपुढे थुंकला. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, त्याची मुलगी शिकून दूर गेली, तेव्हापासून डोकं फिरलंय. बिचारा.

पण येताना एक गोष्ट डोक्यात राहिली. गावात मी कडेवरची पोरं पाहिली, मिरचीएवढी पाहिली. त्याहून मोठी, शाळकरी म्हणावी अशी, एकही नाही.

२० तारीख, बुधवार

तिसरा हात. दोन डबे. हे होऊच शकत नाही. भिंत तीच, ब्रश तोच.

फरश्या मोजल्या. रुंदीला एकोणीस. पुन्हा मोजल्या, एकेकीवर पाय ठेवून. एकोणीसच. भिंतीच्या कडेची फरशी अर्धी भिंतीखाली गेली आहे. मागचा बाक आडवा मावत नाही, पहिल्या दिवशी मीच तो ठेवला होता.

पप्पा, तुम्ही काय म्हणाला असता? माप चुकलं असेल, पोरी?

नाही चुकलं.

२१ तारीख, गुरुवार

बाईंना सरळ विचारलं. मला वाटलं हसतील, नाहीतर रागावतील. त्या चादरीची घडी घालत राहिल्या. म्हणाल्या, मुलं कुठेही गेलेली नाहीत, हॉलमध्येच आहेत, सुखात आहेत. भुकेली असली की भिंती जवळ येतात. त्यांना सोबत लागते. गाववाले आपल्या हातात मूल देत नाहीत, म्हणून दर वर्षी नवी, हसऱ्या तोंडाची मुलगी मागवावी लागते. तू फार चांगलं काम केलंस, असंही म्हणाल्या.

माझा पासपोर्ट त्यांच्या कपाटात आहे. असू दे. आधी मुलं.

धुणंवालीकडे धावले. हातवारे केले, हॉलकडे बोट दाखवून मान हलवली, रडले. तिला वाटलं मला घरची आठवण येतेय. माझे डोळे पुसले. चादरीतून मिरचीसाठी शिवलेला पांढरा फ्रॉक दाखवला. रविवारी घालणार.

पाववाल्याकडे गेले. तो एकटा समजून घेईल. शटर. दोन्ही हातांनी बडवलं, उघडलं नाही. का उघडेल? मीच ती, दारोदार फिरणारी.

त्यांनी दारं आपटली, खडा मारला ते बरोबर होतं. आणि मी त्याला छळ समजून मनातल्या मनात मिरवत होते. देवा, मला लाज वाटते.

२३ तारीख, शनिवार

गावभर फिरले. मी रडते आणि बाया मला जवळ घेतात. आता कुणी दार लावत नाही. लावा ना गं! एकीने तरी लावा!

ठरलं. उद्या सकाळी सगळे उपासनेला वर असतील तेव्हा हॉलमध्ये जाऊन आतून कडी लावायची. दार उघडलंच नाही तर मुलं आत येणार नाहीत. एक दिवस टळला की बाया शंका घेतील. माझं काय ते प्रभू बघेल.

२४ तारीख, रविवार

आत आहे. कडी लावली. वरून गाण्याचा आवाज येतोय. मधोमध बसलेय, वही मांडीवर. हात थांबला की ओरडावंसं वाटतं, म्हणून लिहितेय.

फरश्या चौदा.

खिडक्या गेल्या. उजेड मात्र आहे, पांढरा, भिंतीतूनच —

अकरा. डाग आता डाग नाहीत. कपाळं आहेत. नाकं. रंग मी लावला त्यांच्या डोळ्यांवर, तीन तीन हात —

दार दिसत नाही. भिंत त्याच्या पुढे आली. म्हणजे कुणालाच आत येता येणार नाही! थँक यू, प्रभू. थँक यू. मी चालेन. मी एकटी चालेन त्यांना —

वेणी मागे अडकली. ओढली. येत नाही. पाठ कोमट लागतेय.

गाणं थांबलं. जिन्यावर पावलं. पुष्कळ, छोटी छोटी.

कडीचा आवाज.

कडी मी लावली होती. ती भिंतीच्या आत आहे. मग काढतंय कोण —

समोरची भिंत उघडली. दाराएवढीच. बाहेर ऊन. बाई हसून बाजूला झाल्या. नऊच्या नऊ. पुढे पांढरा फ्रॉक.

ओरडले. येऊ नका, पळा! मराठीत ओरडले, दुसरं येतंय काय मला —

मिरची हसली. माझा आवाज ओळखला तिने. आईचं बोट सोडलं.

गप्प बसले तर शोधत येईल. ओरडले तर आवाजाकडे —

ताई म्हणतेय. ताई, ताई. बाकीची तिच्या मागे —

नको गं माझे राणी, तिथेच थांब, पाय आत ट